शेजारच्या सीटचा ब्रेक

माझ्या आत्याला ओळखणारी माणसं शहरभर आहेत आणि ती सगळी तिला एकाच बाजूने ओळखतात. गेली सव्वीस वर्षं ती गाडी चालवायला शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, ती शेजारी. तिचा एक कान, चष्म्याची एक काडी, गालावरचा तीळ आणि मांडीवरची वही एवढंच त्यांच्या लक्षात राहतं. रस्त्यात समोरून भेटली की काही जण गोंधळतात. मग आत्या मान वळवून उभी राहते. "आता ओळखलंत?"

गाडी तिची स्वतःची आहे, ड्रायव्हिंग स्कूलला लावलेली. राखाडी रंग, चार दारं, एक लिटरचं इंजिन. चढ आला की एसी बंद करायचा आणि गाडीला मनातल्या मनात धक्का द्यायचा, अशी तिची ताकद. माझे बाबा तिला गोगलगाय म्हणतात. टपावर शाळेची पाटी, आणि आत शेजारच्या सीटपुढे आत्याच्या पायाशी दुसरा ब्रेक. त्याचं रबर सव्वीस वर्षांत पाचदा बदललंय. गाड्याही दोन बदलल्या, पण ब्रेकचा तो लोखंडी तुकडा एका गाडीतून काढून दुसरीत बसवलेला, तोच आहे.

वहीत प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान. शिकणं संपलं की पानाच्या तळाशी आत्या एक ओळ लिहिते. ती कोणाला दाखवत नाही, पण मी लहानपणी चोरून वाचलेली आहे. "क्लच घाईत सोडतो, स्वभावही तसाच." "आरसा फक्त केसांसाठी." "उत्तम. मला विसरेल." ही शेवटची ओळ बऱ्याच पानांवर होती.

ती एकटी राहते, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. दिवसभर खालच्या मशीनची धडधड फरशीतून पायाला लागते; संध्याकाळी मशीन थांबलं की खोली एकदम मोठी होते. जेवायच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीवर आत्या बसते, दुसरीवर तिची पर्स.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला अचानक पुढे आला. स्टिअरिंगवर कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ होते, ते नुसतेच "अहो, अहो" म्हणत राहिले. आत्याने ब्रेक दाबला. तो वेळेवर दाबला की क्षणभर उशिरा, हे कोणालाच सांगता येणार नाही. सायकलवाला पडला, मनगट मोडलं. आत्या त्याला दवाखान्यात चारदा भेटून आली. चारही वेळा तो म्हणाला, "माझंच चुकलं हो बाई, मी बघितलंच नाही." तिने ते ऐकून घेतलं. तिच्या पायाने मात्र ऐकलं नाही.

तेव्हापासून तो पाय तिला न विचारता ब्रेक दाबायला लागला. उघडं फाटक दिसलं, दाबला. फुटपाथवर झोपलेला कुत्रा दिसला, दाबला. झाडाची सावली रस्त्यावर हलली, दाबला. शिकणारे धाडकन पुढे जायचे. एका मुलीने तर विचारलं, "मॅडम, गाडी नक्की कोण चालवतंय? म्हणजे लायसन्स कोणाच्या नावावर काढायचं?" आत्या हसली. पण दोघांनी तक्रार केली आणि तिघांनी दुसरी शाळा गाठली.

शाळेचे मालक पोट सांभाळत हळू बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी आत्याला बोलावून बसवलं.

"बाई, तुमचा पाय घाबरलाय. माझा त्याच्यावर राग नाही. पण शिकायला येणारा आपली भीती घेऊनच येतो. त्यात तुमची कशाला?"

"मग?"

"ऑफिसातलं टेबल रिकामं आहे. फॉर्म भरायचे, फोन घ्यायचे. खुर्ची चांगली आहे, फिरती आहे."

"मला फिरती नको, पळती हवी," आत्या म्हणाली.

मालक हसले नाहीत. ते टेबल आत्याने सव्वीस वर्षं बघितलं होतं. त्याच्यापुढे काच होती आणि काचेला हात जाईल एवढी खिडकी. आत्याच्या आयुष्यात माणूस जिथे तासभर जवळ बसतो, श्वास ऐकू येतील इतक्या जवळ, ती जागा एकच होती आणि ती त्या गाडीत होती. तिने मालकांकडे दोन महिने मागून घेतले.

"दिले," मालक म्हणाले. "दोन महिन्यांनी मी स्वतः मागे बसेन. रस्त्याकडे नाही बघणार, तुमच्या पायाकडे बघेन."

उपाय टायरवाल्याने सुचवला. शहरापासून दोन तासांवर गाड्यांचा ट्रॅक आहे, दर पंधरवड्याच्या रविवारी तिथे कोणालाही आपली गाडी चालवता येते, नवशिक्यांना शिकवायला माणूस असतो. "तिथे म्हणे ब्रेक कधी मारायचा नाही ते शिकवतात," टायरवाला म्हणाला. आत्याने त्याच दिवशी नाव नोंदवलं. मग माझ्या बाबांना फोन केला, कारण कोणाला तरी सांगायला हवं होतं.

बाबांनी फोन स्पीकरवर टाकला. "ऐका, गोगलगाय शर्यतीला निघालीय!"

"शर्यत नाही रे. सराव."

"या वयात? गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते हेच!"

"पायाचंच काम आहे," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी सुट्टीला घरी आले होते; आम्ही बराच वेळ हसत होतो.

त्या रविवारी ती पहाटे निघाली. टपावरची पाटी काढली तर तिथे रबराचे चार गोल डाग उमटलेले होते, ते घासूनही गेले नाहीत. ट्रॅकच्या फाटकावरच्या माणसाने वाकून आत बघितलं. "कोणाला सोडायला आलात?"

"मलाच," आत्या म्हणाली.

आत लाल-पिवळ्या, जमिनीला टेकलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, मिरवायला आल्यासारख्या. त्यांच्या शेवटी गोगलगाय. नवशिक्यांना शिकवणारा माणूस तिशीतला होता; आठवड्याचे सहा दिवस चष्म्याचं दुकान चालवायचा. गाडीकडे बघायच्या आधी त्याने आत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "मॅडम, नाकावरच्या पट्ट्या सैल झाल्यात. हेल्मेटमध्ये चष्मा घसरेल." खिशातून नखाएवढा पेचकस काढून त्याने चष्मा घट्ट करून दिला. आत्याने त्याला तिथल्या तिथे मास्तर म्हणायला सुरुवात केली.

"मास्तर नको हो, तुम्ही माझ्याहून मोठ्या."

"मी सव्वीस वर्षं मास्तरीण आहे. आज जरा बदल."

मग त्याला दुसरा ब्रेक दिसला. "हे काढावं लागेल. शेजारी मी बसणार. घाबरून माझा पाय यावर पडला तर दोघंही गोत्यात." तिथल्या मेकॅनिकने दोन बोल्ट सोडून तो तुकडा आत्याच्या हातात दिला. तो उन्हात धरल्यावर तिला पहिल्यांदा दिसलं की त्याची एक कड झिजून पातळ झाली आहे. तिने तो जुन्या टॉवेलात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. गाडीच्या गालिच्यावर दोन भोकं उरली.

पहिली सकाळ सगळी उलटी गेली. ट्रॅकवर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी उजवं वळण आहे आणि वळणाआधी तीनशे, दोनशे, शंभर अशा आकड्यांच्या पाट्या. शंभराच्या पाटीपर्यंत ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. आत्याने तीनशेच्याही आधी लावला.

"मॅडम, कोणासाठी थांबलात?"

"वळण आहे ना समोर."

"ते तिथेच राहणार आहे. पळून जाणार नाही."

दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. मास्तरने शांतपणे समजावलं. "ती लाल गाडी बघा. ती चुकून थांबली तरी डोळ्याचं पातं लवेपर्यंत पुन्हा पळते. तिला चूक परवडते. तुमच्या गाडीला गेलेला वेग परत मिळवायला अख्खा पट्टा लागतो. लहान इंजिनवाल्याने मिळालेला वेग जपायचा. उगाच ब्रेक म्हणजे हातचं सांडणं."

वेग हा जपायचा असतो हे आत्याला नवीन होतं. आजवर तिने तो फक्त कमी करायला शिकवला होता. रस्त्यावर आपली बाजू सोडू नका म्हणायची. इथे पूर्ण रुंदी वापरायची, बाहेरून आत आणि आतून बाहेर. थांबलो की हँडब्रेक, हे तिचं पहिल्या दिवसाचं वाक्य; पण इथे फेऱ्या संपवून आल्यावर तिने तो ओढला तर मास्तर ओरडला, "नको नको, तापलेला असतो, चिकटून बसेल! गिअरमध्ये ठेवा." आणि वळण आलं की तिचा हात आपोआप इंडिकेटर द्यायचा. टकटक, टकटक. ट्रॅकवर वळणाला कोणी इंडिकेटर देत नाही. इथे इंडिकेटर म्हणजे मागच्याला सांगणं, या बाजूने पुढे जा. मास्तरने हे तीनदा सांगितलं. आत्याने तीनदा मान डोलावली, आणि पुढच्या वळणाला टकटक.

संध्याकाळी घरी येऊन तिने वहीचं नवं पान उघडलं. नाव: स्वतः. वय: चोपन्न. "ब्रेक फार लवकर. इंडिकेटर सवयीने. सूचना ऐकते, पाळत नाही." मग पाना घेऊन खाली गेली, दुसरा ब्रेक परत जागेवर बसवला, टपावर पाटी चढवली. सोमवारी सकाळी सातला विद्यार्थी होता.

दुसऱ्या रविवारी व्हायचं ते झालं. मास्तर शेजारी होता. सरळ पट्टा संपत आला आणि हाताने त्याचं काम केलं: उजवा इंडिकेटर. मागून ती लाल गाडी येत होती. तिचा मालक दातांचा डॉक्टर, नवशिकाच, पण नियम पाठ करून आलेला. त्याला वाटलं काकूंनी बाजू दिली. तो उजवीकडून आत घुसला. त्याच क्षणी आत्या उजवीकडे वळली. आरशात लाल रंग भरला आणि तिच्या पायाने अख्ख्या जोराने ब्रेक दाबला. लाल गाडी हातभर अंतरावरून सुटली, गवतात गेली, एक गिरकी घेऊन उलट्या तोंडाने थांबली. काळा झेंडा फडकला. दोघांनाही बाहेर बोलावलं.

डॉक्टर हेल्मेट काढतच धावत आला. "काकू, बाजू दिली होतीत ना? दिली होतीत ना तुम्ही? मग वळलात कशा?"

"वळायचं होतं म्हणून इंडिकेटर दिला."

"वळण आहे हे मला दिसतं हो! सगळ्यांना दिसतं! वळण काय फक्त तुमच्यासाठी ठेवलंय?"

आत्याने माफी मागितली. तो माफी न घेता गाडीभोवती फिरून ओरखडे शोधत राहिला. मास्तर म्हणाला, "चूक मॅडमची. आणि ब्रेकने वाचलात, तोही मॅडमचाच." ट्रॅकवाल्यांनी बजावलं, अजून एक इंडिकेटर आणि कायमचं बाहेर.

दुपारभर आत्या गाडीतच बसून राहिली. उकडलेली दोन अंडी आणि पाव डब्यात तसाच. समोरून माणसं दोघं-दोघं, तिघं-तिघं जात होती, एकमेकांच्या गाड्यांत डोकी घालून हसत होती. तिच्या गाडीत कोणी डोकं घातलं नाही. शेवटच्या पाळीला, ट्रॅक जवळजवळ रिकामा झाल्यावर, मास्तर आला आणि शेजारी न बसता खिडकीपाशी उभा राहिला.

"एकट्या जा."

"मी? आज?"

"तुम्ही गाडी चालवताना अर्धा वेळ माझ्याकडे बघता. मला लागेल का, मी घाबरलो का. मी इथे कठड्याशी उभा राहतो. मी आहेच. फक्त गाडीत नाही."

ती गेली. एकटी. त्या पंधरा मिनिटांबद्दल आत्या नंतर फार कमी बोलली, आणि जे बोलली तेही गाडीबद्दल. इंजिनचा आवाज रिकाम्या सीटमुळे वेगळा येत होता, म्हणाली. तीनशेची पाटी गेली, पाय हलला नाही. दोनशेची गेली. शंभराला तिने ब्रेकवर एकदाच, अंगठ्याने दाबावं तसा दाब दिला, आणि गोगलगाय बाहेरून आत, आतून बाहेर अशी वळली की जणू कोणी तिला हात धरून नेलं. टकटक आली नाही. पाच फेऱ्या पाय तिचा होता. मास्तरने तिच्या कागदावर सही केली: यापुढे एकटीने चालवायला हरकत नाही.

घरी येताना ती गात होती. गाणं म्हणणारी आत्या मी कधी बघितलेली नाही, तिनेच सांगितलं म्हणून लिहिते.

सोमवारी सातला विद्यार्थी शेजारी बसला. पहिल्याच कोपऱ्यावर एक बाई छत्री झटकत होती. छत्री उघडली आणि आत्याच्या पायाने ब्रेक दाबला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. पायाला वेगाची भीती नव्हतीच. गाडीत ती एकटी असली की पाय शहाण्यासारखा वागत होता. शेजारी माणूस आलं की तो वेडा होत होता. एकटीने चालवून तिला आपला पाय परत मिळाला होता, पण ज्या जागेसाठी हवा होता तिथे तो चालत नव्हता. मालक मागे बसणार त्याला दोन आठवडे उरले होते आणि मध्ये ट्रॅकचा एकच रविवार.

पुढच्या आठवड्यात तिने मला फोन केला. मी दुसऱ्या शहरात शिकत होते.

"या रविवारी मोकळी आहेस?"

"नाही गं, निबंध द्यायचाय सोमवारी. का?"

"काही विशेष नाही. माझ्या गाडीत बसायचं होतं. तास-दीड तास."

"पुढच्या महिन्यात येते ना."

"बरं बरं. निबंध नीट लिही."

मी विचारलंसुद्धा नाही की नुसतं बसायचं म्हणजे काय. मला वाटलं, कुठेतरी बाजारात जायचं असेल.

तिसऱ्या रविवारी ती मास्तरकडे गेली. त्याच्यापुढे दोन नवे विद्यार्थी उभे होते. "मॅडम, तुम्हाला आता सोबत लागत नाही. लोक ती सही मिळावी म्हणून माझ्या मागे लागतात."

"मला सोबतच हवी आहे, मास्तर."

त्याला काही कळलं नाही, पण त्याने एक जादा हेल्मेट तिच्या हातात दिलं. "कोणी तयार असेल तर घेऊन जा. माझी परवानगी आहे."

आत्या ते हेल्मेट काखेत धरून गाड्यांच्या ओळीने चालत गेली. चोपन्न वर्षांत तिने कोणाला माझ्या शेजारी बसा म्हटलं नव्हतं. माणसं वेळ ठरवून, आपणहून येऊन बसायची. एक जण टायरची हवा बघत होता, तो नंतर म्हणाला. एका जोडप्याने एकमेकांकडे बघितलं. पिवळ्या गाडीवाला हसला, "काकू, तुमच्या गाडीत? मला झोप लागेल!" ओळीच्या शेवटी लाल गाडी होती आणि डॉक्टर तिच्या सावलीत बसून पाणी पीत होता.

"डॉक्टर, अजून रागावला आहात?"

"रागावलो नाही. घाबरलोय."

"मग उत्तम. मला घाबरलेलंच माणूस हवंय."

त्याने तिच्याकडे बघितलं, हेल्मेटकडे बघितलं. "इंडिकेटर देणार का?"

"नाही."

"शपथ?"

"अहो, दिला तरी तुम्ही आतच असाल. मागून कोण येणार?"

तो उठला. का उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पहिली फेरी सावकाश असते. डॉक्टर ऐटीत बसला होता, एक कोपर खिडकीला. दुसऱ्या फेरीत आत्याने सरळ पट्ट्यावर गोगलगाय तिच्या परीने सोडली. ऐंशी, शंभर, एकशे दहा. काटा एकशे अठराला आला, आणि बोनेटखाली सगळं थरथरायला लागलं. तीनशेची पाटी गेली.

"काकू," डॉक्टर म्हणाला.

दोनशेची पाटी आली. "काकू, ब्रेक. काकू! ब्रेक!"

आत्याचा पाय उचलला गेला होता. तो निघाला होता. आणि त्याच क्षणी तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून डॉक्टरचा पाय दिसला. त्याचा महागडा, नवा बूट गालिच्यावरच्या त्या दोन भोकांवर रुतला होता. तो सगळ्या ताकदीने जमीन दाबत होता, जिथे काहीच नव्हतं तिथे. गुडघा ताठ, पोटरी ताठ, टाच उचललेली. आत्याने तो पाय ओळखला. सव्वीस वर्षं तो तिचाच होता. फक्त इतक्या वर्षांत तो तिने या बाजूने कधी बघितला नव्हता. आणि तिला हेही दिसलं की तो कितीही दाबला तरी गाडी नीट चालली आहे, कारण ती चालवणारीच्या ताब्यात आहे.

तिचा पाय परत गेला. शंभराच्या पाटीला तिने ब्रेकवर हलका दाब दिला आणि वळली.

तिसऱ्या फेरीत डॉक्टर ओरडला नाही, नुसता दाबत राहिला. चौथ्या फेरीत तो डोळे मिटून दाबत होता. सहाव्या फेरीला आत्याने पाहिलं, बूट गालिच्यावर नुसता ठेवलेला होता.

बाहेर आल्यावर तिने गाडी गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेकला हात लावला नाही. डॉक्टरने हेल्मेट काढलं. केस ओले चिंब. "माझी गाडी याच्या दुप्पट पळते. पण शेजारी बसलं ना काकू, की काहीच आपल्या हातात नसतं हो."

आत्या म्हणाली, "हो."

"तुम्ही करता काय? म्हणजे काम?"

तिने सांगितलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. "रोज? तिथे बसता?"

"रविवार सोडून."

"मी एवढा ओरडत होतो, तुम्ही ऐकलंच नाही."

"ऐकलं की. पण गाडी मी चालवत होते."

हे बोलल्यावर तिला ती लायसन्सवाली मुलगी आठवली आणि ती हसायला लागली. डॉक्टरला वाटलं आपल्याला हसतेय. तोही हसला, पाणी प्यायला आणि आपल्या गाडीकडे निघून गेला. त्यानंतर तो तिला कधी दिसला नाही. लाल गाडी त्याने विकली असं मास्तरने पुढे सांगितलं.

ठरल्या दिवशी मालक मागच्या सीटवर बसले. त्यांच्या वजनाने गोगलगाय मागून खाली बसली. स्टिअरिंगवर दवाखान्यातली एक परिचारिका होती; चाळिशीची, हात ओले होत म्हणून रुमालाने सारखं स्टिअरिंग पुसणारी. दुसरा ब्रेक जागेवर होता. आत्याने या वेळी बोल्ट कसताना एक गोष्ट केली होती: ब्रेक नेहमीपेक्षा दोन बोटं ढिला ठेवला होता. दाबला तर लागेल, पण लागायच्या आधी दोन बोटांची रिकामी जागा.

बाजाराच्या वळणाला एका कुरिअरवाल्याची स्कूटर गल्लीतून निम्मी बाहेर आली. आत्याचा पाय उठला. ब्रेकवर टेकला, त्या दोन बोटांच्या जागेत शिरला. आणि तिथे थांबला.

"दिसतंय?" तिने विचारलं.

"दिसतंय," परिचारिका म्हणाली, आणि तिने गाडी थांबवली. इतक्या जोरात, की इंजिन बंद पडलं आणि मालकांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"बाई!" मालक कपाळ चोळत ओरडले. "हा कोणाचा ब्रेक?"

"त्यांचा."

मालक दोन सीटच्या मधून वाकले. आत्याचा पाय जागेवर होता, ब्रेक दाबलेला नव्हता. ते बराच वेळ तसेच वाकून बघत राहिले. कुरिअरवाला हात दाखवून निघून गेला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. "मग बरं," ते म्हणाले. "टेबलासाठी दुसरं कोणी बघतो." आणि परिचारिकेला, "तुम्ही थांबवलीत ना? मग आता चालू करा, आम्हाला घरी जायचंय."

हे सगळं मला कळलं पुढच्या महिन्यात, मी कबूल केल्याप्रमाणे गेले तेव्हा. निबंधाला बरे गुण मिळाले होते, ते मी तिला सांगितले. मग तिने हे सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, दोन वेळचा चहा आणि एक जेवण संपेपर्यंत, चटईवर बसून. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. तिने वहीतलं तिचं पान दाखवलं. तळाशी, जिथे शेवटची ओळ असते, तिथे अजून काही लिहिलं नव्हतं.

परिचारिका पास होऊन आठवडा झाला होता. तिच्या पानावर ओळ होती. कोणती ते मला न वाचता माहीत होतं.

"आता कशाला जातेस ट्रॅकवर? पाय तर बरा झाला."

"बरा झाला म्हणून जाते," आत्या म्हणाली. "वेग जपायचा तर सराव लागतो."

टेबलापाशी बसायला गेले तर दुसऱ्या खुर्चीवर पर्स नव्हती. तिथे दोन हेल्मेटं होती, एकात एक कलंडलेली. एक वापरलेलं, आतल्या कापडावर पांढऱ्या केसाची एक रेघ. दुसरं नवं, पट्ट्याचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"दोन कशाला?"

"एक शेजारच्याला."

"कोण येतं?"

"अजून कोणी नाही." तिने हेल्मेटं उचलून कपाटावर ठेवली, मला बसायला जागा केली आणि भांडी आवरायला लागली.

मशीन थांबलं होतं. मी उठून नवं हेल्मेट खाली काढलं, प्लास्टिक फाडलं आणि डोक्यावर चढवलं. ते थोडं सैल होतं. आतून सगळं दूर गेल्यासारखं ऐकू येत होतं: नळ, भांडी, माझा श्वास.

"या रविवारी मी मोकळी आहे," मी म्हटलं.

आत्याने नळ बंद केला. हात पुसून ती आली, माझ्या शेजारी उभी राहिली, एका बाजूने, सवयीने. हनुवटीखालचा पट्टा ओढला, दोन बोटं आत घालून बघितली, आणि अजून थोडा ओढला.

"ओरडायचं नाही," ती म्हणाली. "पाय दाबलास तर चालेल."